बाईकचं वायरिंग, शोरूमवाले आणि आपण: या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीत चहाला थांबलो, परत येऊन सेल्फ दाबला तर नुसतं टक टक टक. कीक नाही गाडीला, त्यामुळे मित्राने धक्का मारला, उतारावर चालू झाली आणि कसाबसा पुण्यात आलो. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेली तर काउंटरवरच्या पोराने गाडीकडे न बघताच सांगितलं, बॅटरी गेली सर. टाकली नवीन, सोळाशे रुपये. आठ दिवस गाडी मस्त आणि नवव्या दिवशी परत टक टक. मग म्हणे सेल्फची मोटर गेली असेल, बदलून बघू.

हे "बदलून बघू" ऐकलं की सावध व्हा. वायरिंगचा फॉल्ट मोजून काढायचा असतो आणि मोजायला लागणारं डिजिटल मीटर (मल्टीमीटर) तीन-चारशेला मिळतं, म्हणजे बॅटरीच्या पाव किमतीत. माझी पहिली चूक हीच, मीटर घरात पडून होतं आणि मी विश्वास ठेवला.

आता माझ्या गाडीत काय निघालं ते सांगतो, कारण हा फॉल्ट फार कॉमन आहे आणि फार कमी लोक तो चेक करतात. हेडलाईट चांगला लागत होता, हॉर्न वाजत होता, सेल्फ दाबला की मात्र सगळं मंद. बॅटरीला मीटर लावला तर 12.7 व्होल्ट, म्हणजे फुल. मग कोपऱ्यावरच्या वायरिंगवाल्या काकांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि मला म्हणाले दाब सेल्फ. तिथे जवळपास शून्य दिसायला पाहिजे, पाव व्होल्टच्या वर गेलं तर अर्थमध्ये (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी) गडबड, माझं दाखवलं अडीच! इंजिनला येणारी अर्थची वायर ज्या बोल्टला असते तो दोन महिन्यांपूर्वी क्लचप्लेट बदलताना काढला होता, परत बसवताना नीट आवळला नाही, त्यात पाऊस, खाली गंज धरला. पॉलिश पेपर मारला, आवळला, व्हॅसलीन लावलं, दीडशे रुपये. नवीन बॅटरीत दम जास्त म्हणून तिने आठ दिवस तो गंज रेटून नेला एवढंच.

बॅटरी सारखी उतरत असेल तर आधी चार्जिंग बघा. गाडी बंद असताना 12.5 च्या वर, आणि चालू करून साधारण चार हजार आरपीएमला नेल्यावर 13.8 ते 14.5 च्या मध्ये. चालू असतानाही 12 च्या घरातच राहिलं तर नवीन बॅटरी टाकून उपयोग नाही, तीही उतरणार. 15 च्या वर गेलं तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलंय, बॅटरी उकळेल आणि बल्ब उडतील. चार्जिंग होत नसेल तर स्टेटर कॉईल (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉईल) बदलायच्या आधी तिथून येणाऱ्या तीन वायरींचा (बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या) कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, उघडून बघा, कित्येकदा तोच जळून तपकिरी झालेला असतो. कपलर ठीक असेल तर तो काढूनच कॉईल चेक करा, तिन्हीपैकी कुठलीही वायर बॉडीला शॉर्ट दाखवायला नको आणि इंजिन चालू असताना दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज सारखंच यायला हवं.

आणि चार्जिंग चेक करायला चालू गाडीची बॅटरी काढायची ही जुन्या मेकॅनिकांची सवय आहे, ती फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर अजिबात करू देऊ नका, व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला तर बॅटरीच्या कितीतरी पट खर्च.

गाडी दोन दिवस उभी राहिली की डाऊन होते? मग कुठेतरी करंट चोरी होतोय. किल्ली बंद, मायनस टर्मिनल काढा, मीटरची वायर 10 अँपिअरच्या सॉकेटला लावून मीटर बॅटरीचं मायनस आणि काढलेली वायर यांच्या मध्ये जोडा (आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल). काही मिलीअँपिअर ठीक आहे. 100 दाखवलं तर दिवसाला जवळजवळ अडीच अँपिअर-अवर गेले, 5 अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत झोपणारच. बहुतेक वेळा जीपीएस नाहीतर मोबाईल चार्जर डायरेक्ट बॅटरीवर जोडलेला असतो.

फ्यूज उडाला म्हणून 10 अँपिअरच्या जागी 20 चा टाकणारे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे, त्यांना काय सांगायचं. फ्यूज वाचतो, वायरिंग जळतं.

वरून लावलेले 55 वॅटचे दोन जादा हॅलोजन दिवे म्हणजे 9 अँपिअर, आणि 2017 पासूनच्या गाड्यांना हेडलाईट बंद करायची सोयच नाही, त्यामुळे एवढा लोड ओढला तर चार्जिंग पुरत नाही. एलईडी लावा, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज टाकून लावा आणि कंपनीची वायर कापू नका, कारण वॉरंटीत गाडी गेली की पहिलं बोट कापलेल्या वायरीवरच्या चिकटपट्टीवरच ठेवतात.

शोरूममध्ये आपण करतो ती चूक म्हणजे जॉबकार्डवर (गाडी देताना तक्रारी लिहून घेतात तो कागद) "बॅटरी चेक" लिहू देतो. तिथे निदान नको, लक्षण लिहून घ्या: गाडी गरम असताना सेल्फ दाबल्यावर टक टक, हेडलाईट मंद. त्रास अधूनमधून होत असेल तर तो झाला की मीटरसकट व्हिडिओ काढून ठेवा, कारण तिथे नेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. पार्ट बदलायच्या आधी कुठलं रीडिंग बघून बदलताय ते विचारा, जुना पार्ट परत हवा हेही जॉबकार्डवरच लिहा. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा बॅटरी कंपनीची वेगळी असते, तेव्हा बिल आणि कार्ड जपून ठेवा.

एवढं करूनही ऐकत नसतील तर कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करून नंबर घ्या, मग 1915 ही ग्राहक हेल्पलाईन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. गाडीला मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, पण तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते आणि जॉबकार्ड नसेल तर हातात काहीच नसतं.

माझे सोळाशे काही परत आले नाहीत, मॅनेजरने पुढच्या सर्व्हिसची मजुरी माफ केली. पण जुनी बॅटरी मी भंगारात देऊ दिली नव्हती. मेहुण्याची गाडी तीच आहे आणि त्याची बॅटरी खरोखरच गेली होती, आता माझी "गेलेली" त्याच्या गाडीत आरामात चालतेय.