अ‍ॅड्रिनलची गाठ निघाली तर आधी हार्मोनच्या टेस्ट, सुई आणि सर्जरी नंतर

मुतखडा आहे का बघायला सोनोग्राफी केली, नाहीतर पोट दुखतंय म्हणून सीटी काढला, आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ येते की डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये अडीच सेंटिमीटरची गाठ आहे. मग घरातले सगळे मोबाईलवर शोधायला लागतात आणि तासाभरात कॅन्सरपर्यंत पोचतात. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते, अशा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडलेल्या बहुतेक गाठी साध्या असतात, हार्मोन बनवत नाहीत, वाढत नाहीत आणि जन्मभर काही त्रास देत नाहीत. वय वाढेल तशा त्या जास्त दिसतात. तरी रिपोर्ट फाइलला लावून विसरून जाऊ नका, कारण उरलेल्या थोड्या गाठींमध्ये बीपी, शुगर, हाडं आणि क्वचित जीवसुद्धा अडकलेला असतो.

अ‍ॅड्रिनल ही ग्रंथी दोन्ही किडन्यांच्या वर एकेक बसलेली असते, प्रत्येकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाहेरचा थर ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल, मीठ आणि बीपी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन आणि थोडे पुरुषी हार्मोन बनवतो, आतला गाभा अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन. त्यामुळे डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारायचे, गाठ कॅन्सरसारखी दिसते का आणि गाठ हार्मोन बनवते का. दोन्हीची उत्तरं वेगवेगळ्या तपासण्यांतून मिळतात आणि एकीचं उत्तर चांगलं आलं म्हणून दुसरी सोडायची नाही. शक्यतो एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा, मुंबईत परळच्या केईएमला या आजारांचा मोठा अनुभव असलेला एंडोक्राइन विभाग आहे, आणि कॅन्सरची शंका असेल तर टाटा मेमोरियल तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पहिल्या प्रश्नासाठी साधा, म्हणजे डाय न टोचता केलेला सीटी लागतो. त्यात गाठीची घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये मोजतात, रिपोर्टमध्ये एचयू असं लिहिलेलं असतं. गाठ एकसारखी दिसतेय आणि आकडा 10 किंवा त्याखाली आहे तर ती चरबीने भरलेली साधी अ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, कॅन्सरसाठी पुढे स्कॅन करत बसायची गरज नाही. 11 ते 20 च्या मधली, चार सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असेल तर अजून एखादा स्कॅन किंवा वर्षभराने परत सीटी. चार सेंटिमीटरच्या वर आणि आकडा 20 च्या पुढे, किंवा गाठ आतून वेडीवाकडी दिसतेय, तर ऑपरेशनची चर्चा सुरू होते. बऱ्याचदा रिपोर्टमध्ये हा आकडाच नसतो. सरळ सेंटरवर परत जा आणि साध्या सीटीवरचा एचयू लिहून मागा, सगळा पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

आता हार्मोन. इथे टेस्टपेक्षा टेस्टची तयारी जास्त महत्त्वाची आहे, आणि नेमकं तेच कोणी नीट सांगत नाही.

कॉर्टिसॉलची टेस्ट अशी गाठ असलेल्या प्रत्येकाने करायची, त्रास असो वा नसो. रात्री अकरा-बाराच्या दरम्यान डेक्सामेथासोन 1 मिलिग्रॅम घ्यायचं, आणि सकाळी आठ-नऊला रक्त द्यायचं. मेडिकलमध्ये बहुतेक वेळा अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मिळते, म्हणजे दोन गोळ्या, पट्टीवरचा आकडा वाचूनच घ्या. सकाळचं कॉर्टिसॉल 1.8 (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याखाली आलं तर ठीक, त्यावर आलं तर गाठ स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसॉल बनवत असण्याची शक्यता. पण गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा उगाच वाढलेला येतो, त्या साधारण सहा आठवडे आधी बंद कराव्या लागतात. फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या आणि टीबीची रिफॅम्पिसिन डेक्सामेथासोनला शरीरात लवकर संपवतात, तेव्हाही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येते. या गोळ्या टेस्टसाठी स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं, ते दुसरी टेस्ट निवडतील. नाईट शिफ्ट असेल तर तेही सांगा. आणि गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, दम्याचा पंप, त्वचेची क्रीम, सांधेदुखीच्या पुड्या, यातलं काहीही लपवू नका, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे आणि त्याने सगळे आकडे बिघडतात.

कॉर्टिसॉल खूप वाढलेलं असेल तर ते अंगावर दिसतं. चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे रुंद पट्टे येतात, जरा लागलं की काळंनिळं होतं, आणि मांड्यांची ताकद इतकी जाते की उकिडवं बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. हे शेवटचं लक्षण घरच्यांनी बघायचं, पेशंट म्हणतो वय झालं आता.

दुसरी टेस्ट मेटानेफ्रिनची, म्हणजे अ‍ॅड्रिनलिन मोडून तयार होणाऱ्या पदार्थांची, अ‍ॅड्रिनलिन बनवणाऱ्या फिओक्रोमोसायटोमा, थोडक्यात फिओ, नावाच्या गाठीसाठी. अचानक डोकं ठणकणं, घामाने निथळणं, छातीत धडधडणं, बीपी वर जाणं, आणि थोड्या वेळाने सगळं शांत, असे झटके येतात. पुष्कळ जणांना वर्षानुवर्षं टेन्शन, अ‍ॅन्झायटी म्हणून गोळ्या दिलेल्या असतात. काहींना काहीच होत नाही, म्हणून एचयू 10 च्या वर असेल तर ही टेस्ट करायचीच. 10 किंवा खाली असेल तर फिओ जवळजवळ नसतोच. रक्त द्यायचं असेल तर वीस ते तीस मिनिटं शांत आडवं पडून, आणि झोपलेल्या अवस्थेतच सुई टोचायची. कलेक्शनवाला घाईत खुर्चीवर बसवून रक्त काढायला बघेल, तेव्हा ठामपणे नाही म्हणा, कारण बसून काढलेल्या रक्तात आकडा थोडा वाढलेला येतो आणि मग नसलेल्या गाठीमागे महिनाभर पळापळ. डिप्रेशनची अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या सुडोएफेड्रिनवाल्या गोळ्या, काही पद्धतींत पॅरासिटामॉलसुद्धा गोंधळ घालते. लघवीची टेस्ट असेल तर सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, मग दिवसभराची आणि रात्रीची सगळी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी कॅनमध्ये घेऊन थांबायचं. कॅनमध्ये लॅबने अ‍ॅसिड घालून दिलेलं असू शकतं, म्हणून थेट कॅनवर बसू नका, मगमध्ये घेऊन ओता. आकडा नॉर्मलच्या दोन-तीन पट किंवा त्याहून जास्त असेल तर फिओची शंका दाट, जरासाच वाढलेला असेल तर घाबरण्याआधी तयारी नीट करून परत टेस्ट.

तिसरी अल्डोस्टेरॉन आणि किडनीतून येणारं रेनिन यांच्या गुणोत्तराची, ज्यांना बीपी आहे किंवा पोटॅशियम कमी आहे त्यांच्यासाठी. अमेरिकन डॉक्टर जेरोम कॉन यांनी अल्डोस्टेरॉन जास्त बनण्याचा हा आजार 1955 मध्ये मांडला, आणि आजही तो कमीच पकडला जातो. तीन-तीन गोळ्या घेऊन बीपी उतरत नसेल तर ही टेस्ट स्वतःहून विचारा. सकाळी उठून दोनेक तास हिंडल्यावर, मग जरा बसून रक्त द्यायचं, आधी पोटॅशियम नॉर्मलला आणायचं, मीठ तोडायचं नाही. अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल तर ती साधारण चार आठवडे आधी थांबवावी लागते पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांनीही गुणोत्तर हलतं.

गाठ दोन्ही बाजूंना असेल तर आपल्याकडे वेगळा विचार करावाच लागतो. टीबी आणि हिस्टोप्लाझ्मोसिस नावाचं बुरशीचं इन्फेक्शन अ‍ॅड्रिनलमध्ये बसतं, दोन्ही ग्रंथी फुगतात, आणि हार्मोन वाढण्याऐवजी कमी पडतो. वजन उतरतंय, अंग आणि हिरड्या काळ्या पडतायत, मीठ खावंसं वाटतंय, उभं राहिलं की चक्कर, अशा वेळी सकाळचं कॉर्टिसॉल आणि एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) लगेच करा. अशा पेशंटला स्टेरॉइड न देता रिफॅम्पिसिन सुरू केली तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही लवकर संपतं आणि पेशंट कोसळू शकतो.

आणि बायोप्सी. कोणीही म्हणालं की सुई घालून तुकडा काढून बघू, तर आधी विचारा मेटानेफ्रिन झालंय का. फिओमध्ये सुई घातली तर बीपी आभाळाला भिडून जीव जाऊ शकतो. अ‍ॅड्रिनलच्या स्वतःच्या कॅन्सरमध्येही सुईचा फारसा फायदा नसतो. सुई लागते ती इन्फेक्शनच्या शंकेत, किंवा दुसरीकडचा कॅन्सर तिथे पसरलाय का बघायला, आणि तेही फिओ नाही हे पक्कं झाल्यावर.

उपचाराचं म्हणाल तर साधी गाठ, आकडा 10 च्या आत, हार्मोन नॉर्मल, यांना काहीच करायचं नाही. कॉर्टिसॉल किंवा अल्डोस्टेरॉन बनवणारी एका बाजूची गाठ असेल तर ती ग्रंथी दुर्बिणीने काढतात. अल्डोस्टेरॉनमध्ये मात्र सीटीवर गाठ दिसली म्हणून तीच दोषी असं धरून चालत नाही, दोन्ही बाजूंच्या शिरांमधून रक्त काढून कुठली बाजू जास्त बनवते ते बघतात, पस्तिशीच्या आतल्या काही जणांना तेवढं लागत नाही. दोन्ही बाजू बनवत असतील तर ऑपरेशन नाही, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या. कॅन्सरची शंका असेल तर गाठ न फोडता अख्खी निघायला हवी, म्हणून बहुतेक वेळा पोट उघडून ऑपरेशन, नंतर गरजेप्रमाणे मायटोटेन हे अ‍ॅड्रिनलच्या कॅन्सरवरचं औषध. हे रोज करणाऱ्या सर्जनकडेच जा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

फिओमध्ये ऑपरेशनआधी एक-दोन आठवडे अल्फा ब्लॉकर, म्हणजे आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणाऱ्या गोळ्या, लागतातच, प्राझोसिन, डॉक्साझोसिन किंवा फेनॉक्सिबेन्झामिन. प्राझोसिनचा पहिला डोस रात्री, अंथरुणात बसून, कारण उठल्याबरोबर चक्कर येऊन पडायला होतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर भरपूर पाणी आणि मीठ घातलेलं ताक, आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या की त्या भरायला लागतात. धडधडीसाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) अल्फा ब्लॉकर नीट बसल्यानंतरच, आधी कधीच नाही. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शनही या पेशंटला चालत नाही, फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ऑपरेशननंतर जीन टेस्टबद्दल विचारा, साधारण तिघांतल्या एकाला हा आजार वारशाने आलेला असतो आणि मग भावंडांची, मुलांची तपासणी करावी लागते. पुढे किमान दहा वर्षं दरवर्षी मेटानेफ्रिनची टेस्ट.

कॉर्टिसॉलची गाठ काढली असेल तर दुसरी ग्रंथी झोपलेली असते, तिला जागं व्हायला महिने लागतात, तोवर कॉर्टिसॉलच्या जागी दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन एक दिवसही चुकवायचं नाही. ताप आला तर डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठून हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन. हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे अशी चिठ्ठी पाकिटात ठेवा आणि दात काढायच्या आधी डेंटिस्टलाही ती दाखवा.