बडोद्याहून समुद्राकडे निघताय? या चुका टाळा

थंडी पडली की दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. "काका, या रविवारी नराऱ्याला जायचंय, किती वाजेपर्यंत पोचायला हवं?" चूक इथेच होते. रविवार ठरलेला असतो, गाडी सांगून झालेली असते, थेपले-छुंदा बांधायचं ठरलेलं असतं. समुद्राला कोणी विचारलेलंच नसतं. बरीच वर्षं मी इथल्या मंडळींना गुजरातच्या किनाऱ्यावर घेऊन जातोय. दर हंगामात त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सुट्टी बघून दिवस ठरवणे

नरारा जामनगरच्या पुढे, वाडीनारजवळ. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. १९८० साली अभयारण्य आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. इथे बोटीत बसायचं नसतं की पाणबुड्याचा वेष चढवायचा नसतो. ओहोटीला पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या समुद्रतळावरून आपण चालत जायचं. घोट्याएवढ्या डबक्यांत प्रवाळ, समुद्रफुलं, तारामासे, समुद्रकाकड्या, खेकडे आणि नशिबात असेल तर दगडाच्या कपारीत रंग बदलत बसलेला ऑक्टोपस. पाणी हटलं तरच हे सगळं. नाहीतर तिवरं आणि गढूळ पाणी बघून परत यायचं, तेही जाऊन-येऊन सातशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकून.

ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी शेजारच्यांना सकाळी छान ओहोटी मिळाली म्हणून या रविवारी तुम्हालाही मिळेल, असं होत नाही. एवढं बहुतेकांना समजावता येतं. दुसरी गोष्ट मात्र शिकलेली माणसंही विसरतात: वेळ बघतात, उंची बघत नाहीत. भरती-ओहोटीच्या तक्त्यात प्रत्येक वेळेसमोर मीटरमध्ये एक आकडा असतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी चढतंही खूप आणि उतरतंही लांबवर. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा ओहोटी तक्त्यात असते, पण पाणी धड मागे सरकतच नाही. "काका, ओहोटी तर दाखवली होती!" अशी तक्रार घेऊन येणारे हटकून भांगाच्या दिवशी गेलेले असतात.

माझी पद्धत साधी आहे. दिवाळी झाली की दिनदर्शिका आणि तक्ता शेजारी-शेजारी ठेवून बसायचं. उजेडात ओहोटी असलेले आणि पाणी एक मीटरच्या खाली उतरणारे दिवस लाल पेन्सिलीने खुणवायचे आणि मंडळींना तेवढेच दिवस सांगायचे. मंगळवार आला तर मंगळवार, रजा टाका. ओहोटी सकाळची असेल तर मुक्काम जामनगरलाच. रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट चिखलात उतरणं मला अजिबात मान्य नाही. चालायला निघायचं ते पाणी पूर्ण उतरायच्या दोनेक तास आधी, आणि पूर्ण उतरलं की लगेच पाठ फिरवायची. "अजून पाणी आलंय कुठे, अर्धा तास थांबू," असं म्हणणाऱ्याला मी पुढच्या खेपेला नेत नाही.

कोकणातलं गणित इकडे लावणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती आपल्याच मराठी माणसांची.

कोकणात पिढ्यानपिढ्या एक हिशोब चालत आलाय: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मुंबई-कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर अंदाजाला तो बरोबरच आहे. पण खंबातचं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं. भरतीची लाट आत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे मुंबईची वेळ भावनगरकडे कित्येक तासांनी येते. शिवाय जागा अरुंद होत गेल्याने पाण्याची उंची वाढते. मुंबईला मोठ्यात मोठी भरती पाच मीटरच्या आसपास, भावनगरला उधाणात पाणी दहा मीटरच्याही वर चढतं. एवढं पाणी सहा तासांत यायचं म्हणजे ते चालत येत नाही, पळत येतं.

कावी-कंबोई आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र, जंबुसर तालुक्यात. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातं, ते बघायला बडोद्याहून गाड्या भरभरून जातात. एकदा आमच्या गटात नोकरीनिमित्त नवीनच बडोद्यात आलेला एक तरुण होता, मूळचा गुहागरकडचा. चांगला, अभ्यासू मुलगा. पण "समुद्र आम्हाला नवा नाही काका" हे त्याने वाटेत दोनदा सांगितलं. पोचल्यावर तिथी मोजली, पाऊणपट केली, भरतीला अजून खूप अवकाश आहे म्हणाला आणि देवळाची वाट सोडून सपाट दिसणाऱ्या गाळावरून पाण्याच्या दिशेने फोटो काढायला निघाला. मी ओरडलो तेव्हा तो हाक ऐकू न येण्याइतका लांब होता.

आखातातला हा गाळ वरून कोकणातल्या पुळणीसारखाच दिसतो. वर पातळ कोरडी साय, खाली लोण्यासारखा मऊ चिखल. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला त्याने दुसऱ्यावर जोर दिला, तर दुसरा त्याहून खोल गेला. मग तो घाबरून दोन्ही पाय सरळ वर ओढायला लागला आणि प्रत्येक हिसक्याला आणखी रुतत गेला. त्यातच भरती सुरू झाली. इकडे पाणी नुसतं समोरून येत नाही. आधी ओहळ भरतात, आणि तुमच्या पाठीमागचा ओहळ भरला की परतीची वाट तुटते.

गावातला एक कोळी फळी घेऊन धावला. तो लांबूनच एकच गोष्ट ओरडत होता, "बेसी जाव, भाई, बेसी जाव!" मुलाला ते पटेना, चिखलात बसायचं कसं? शेवटी बसला, मागे रेलला. अंगाचा भार पसरल्याबरोबर रुतणं थांबलं. मग फळीवर हात टेकून, एक पाय डावी-उजवीकडे हळूहळू हलवत, चिखलात फट करून पाणी आत शिरू देत, आधी एक गुडघा सुटला, मग दुसरा. बूट तिथेच राहिले. फळीवर पालथा होऊन सरपटत तो वाटेवर आला. चहा पिऊन होईपर्यंत ती जागा पाण्याखाली होती.

म्हणून सांगतो. रुतलात तर सरळ वर ओढू नका. बसा, मागे रेला, पाय हलवत सोडवा, बुटाचा मोह सोडा. आणि मुळात वाट सोडू नका. वेळ त्या-त्या बंदराच्या तक्त्यातून घ्यायची, आणि पोचल्यावर गावच्या माणसाला पुन्हा विचारायची. पुस्तकी हिशोबाची घाई असलेल्यांना हे विचारणं कमीपणाचं का वाटतं, मला कळत नाही.

हात लावणे, उचलणे, खिशात घालणे

नराऱ्याला फुगा मासा पकडून फोटोसाठी फुगवतात. कधीकधी वाटाड्याच हौसेने पकडतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. तो मासा जिवाच्या भीतीने फुगतो. पाण्याबाहेर धरला तर पोटात पाण्याऐवजी हवा जाते आणि ती पुन्हा बाहेर टाकणं त्याला जड जातं. मी निघतानाच वाटाड्याला सांगून ठेवतो: दादा, दाखवा, पण पाण्यातच राहू द्या. बक्षिशी त्याचीच जास्त मिळेल. दगड उलटून बघितला तर होता तसाच परत ठेवा. खालच्या ओल्या सावलीत राहणारे जीव उन्हात उताणे पडले की मरतात. प्रवाळावर पाय देऊ नका, वाळूतून चाला. मेलेला प्रवाळ म्हणून घरी शोकेसला आणू नका. प्रवाळ आणि समुद्रकाकडी या दोन्हींना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

बडोदेकरांना तर याची खास जाण हवी. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याकडचा भाग, हा एके काळी बडोदे संस्थानाचा मुलूख. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून तिथल्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली आणि १९०९ साली तिचा अहवाल छापला. ज्यांच्या पूर्वजांच्या सरकारने शंख-शिंपल्यांची इतक्या आस्थेने नोंद केली, त्यांनी ते पिशवीत भरून आणावेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाकीच्या, थोडक्यात

चपला किंवा सँडल. चिखल ओढून घेतो, प्रवाळ कापतो. जुने, घोट्याला घट्ट बसणारे कापडी बूट घाला.

पाणी कमी नेणे. नराऱ्याच्या तळावर सावली नाही, ओल्या तळावरून उन्हाची तिरीप डोळ्यांत येते. जानेवारीतही माणशी दोन लिटर, मीठ-साखर-लिंबू घालून.

ओळखपत्र विसरणे. वनखात्याची परवानगी लागते.

नरारा, शिवराजपूर, द्वारका आणि बेट द्वारका एका दिवसात उरकणे. २०२४ साली सुदर्शन सेतू झाल्यापासून बेटावर गाडी जाते, म्हणून हा मोह वाढलाय. शिवराजपूरची पुळण निवांत बसायची जागा आहे, तिला अर्धा दिवस तरी द्या.

भावनगरकडच्या वेळावदरच्या काळवीट उद्यानात भर दुपारी पोचणे. काळवीट दिसतील, पण हिवाळ्यात तिथे येणारे हॅरियर पक्षी संध्याकाळी शेकड्यांनी गवतात उतरतात, ते हुकेल. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, ऑक्टोबरच्या मध्याआधी निघू नका.

आणि एवढं सगळं वाचूनही नराऱ्याला पोचलात आणि समोर पाणी भरलेलं असलं, तर वाटाड्याशी हुज्जत घालू नका, कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा हट्ट करू नका. गाडी वळवा आणि जामनगरच्या पलीकडे खिजडियाला जा. संस्थानी काळातल्या बांधामुळे तिथे एका अंगाला नदीचं गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारं. म्हणूनच दोन्हीकडचे पक्षी एकाच ठिकाणी दिसतात. २०२२ साली या जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असल्याचा मान, जाहीर झाला. उन्हं कलताना पोचा, भडक कपडे गाडीत ठेवा, दुर्बीण घ्या, बांधावरून हळू चाला. कुंज पक्ष्यांचे थवे अंधार पडायच्या आधी उतरायला लागतात, आणि काळ्या मानेचा करकोचा दिसायची शक्यताही तिथेच चांगली. रात्री जामनगरला राहा, तक्ता काढा, आणि दुसऱ्या दिवशीची ओहोटी उजेडात, पुरेशी खोल असेल तरच पुन्हा नराऱ्याकडे वळा.