गौळणीतली मावशी अहिराणी बोलणार असेल तर

तमाशात गणानंतर, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेनंतर, गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि गवळणींची म्होरकी मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते. चावट बोलण्याची हक्काची जागा हीच. खानदेशातल्या सारंगखेड्याच्या यात्रेसाठी अहिराणीत नवा संवाद रचायचा असेल तर दूध, दही, लोणी बाजूला ठेवा. त्यावरचे विनोद लोकांना पाठ आहेत. मावशीच्या पाटीत भरताची वांगी द्या.

विनोद दुहेरी अर्थाचा, म्हणून आधी साधा अर्थ पक्का करा. भरताचं वांगं दिसायला मोठं पण वजनाला हलकं निवडतात, कारण जड वांग्यात बिया जास्त. भाजण्याआधी टोचे मारतात, नाहीतर ते आतल्या वाफेनं फुटतं. हेच सवालजवाबात घाला:

पेंद्या : मावशी, वांगं काय देखीसन लेवानं?
मावशी : दिखाले मोठं, हातमा हलकं.
पेंद्या : आनि भाजताना?
मावशी : टोचा मार, नही ते फुटी जास. पन तुन्हं ते दिखाले बी... धाकलं शे!

शेवटचा टोला म्हणजे ‘तुझं तर दिसायलाही लहान आहे’. इथे पेंद्याच्या हातात खरंच एक बारकं वांगं हवं. ते नसेल तर ‘तुन्हं’ला साधा अर्थच उरत नाही, वाक्य उघडं पडतं आणि बायका मान खाली घालतात. वांगं हातात असलं की दोन्ही अर्थ उभे राहतात आणि त्याच बायका आधी हसतात.

मावशीनं नजर वांग्यावरच ठेवावी. कमरेकडे हात गेला की विनोद संपला. ‘बी’ नंतर एक श्वास थांबा. ढोलकीची थाप ‘धाकलं शे’ पूर्ण झाल्यावरच पडावी. शब्दावर पडली तर मागच्या रांगांना काहीच कळत नाही. हशा ओसरू लागला की पुढचं वाक्य. असे तीन-चार टोले झाले की गाणं घ्या, ताणू नका.

हसं बढाईखोर पेंद्याचं व्हावं. समोर बसलेल्या बाईवर, नाचणारणीवर किंवा जातीवर बोट गेलं की हशा आटतो आणि भांडण उभं राहतं, आणि ते योग्यही नाही.

प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवताना हे संवाद शब्दशः लिहा, नुसतं ‘मावशीची बतावणी’ असं नको.

रावेर-यावलकडे लेवा बोली चालते. तिथल्या खेळाआधी मावशीची वाक्यं तिकडच्याच माणसाकडून बदलून घ्या.