क्लबच्या पॅचसाठी जुनं विमान निवडताना या चुका टाळा

विमानप्रेमींचा क्लब निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतच पॅचचा, म्हणजे भरतकाम केलेल्या कापडी बिल्ल्याचा, विषय निघतो. जॅकेटवर, टोपीवर, कॅमेऱ्याच्या बॅगेवर लावायला आपलं काहीतरी हवं असतं, आणि ते हवंच. पण त्यानंतर बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. ग्रुपवर पाच-सहा चित्रं येतात, ज्याला जास्त अंगठे मिळतात ते ठरतं, आणि ते विमान नेमकं कुठलं, याची चौकशी पॅच हातात आल्यावर होते. विमान आधी ठरवा, चित्र नंतर शोधा. पॅचच्या बाबतीत होणाऱ्या निम्म्याहून जास्त चुका या एका गोष्टीनं टळतात.

नाव एका विमानाचं, चित्र दुसऱ्याचं

मुंबईतल्या क्लबांना साहजिकच जेआरडी टाटांचं ते पहिलं टपाल उड्डाण खुणावतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान होतं डी हॅविलंड पुस मॉथ, नोंदणी व्हीटी-एडीएन. जुहूहून पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांनी नेला. पॅचसाठी यापेक्षा चांगला विषय मिळणं अवघड आहे.

घोटाळा होतो तो ‘मॉथ’ या शब्दामुळे. नुसतं ‘मॉथ’ शोधलं की समोर येतं टायगर मॉथ: एकावर एक दोन पंख, मध्ये खांब आणि तारा, उघडं कॉकपिट, गॉगल लावलेला वैमानिक. जुन्या काळाचं वातावरण त्यात पुरेपूर आहे, म्हणून तेच उचललं जातं. पुस मॉथ मात्र एकपंखी. पंख डोक्यावर, त्याला खालून तिरके आधार, आणि वैमानिक काचेच्या बंद केबिनमध्ये. दोन्ही एकाच कारखान्याची, पण बाजूनं पाहिली तर त्यांच्यात साम्य शोधावं लागेल. ‘जुहू १९३२’ असं लिहून वर टायगर मॉथ शिवलेला पॅच घालून कुठल्याही एअर शोला गेलात, तर पहिला जाणकार तुम्हाला प्रवेशद्वारापाशीच गाठेल.

आणखी एक बारकावा. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केलं, पण ते लेपर्ड मॉथमधून. हेही डोक्यावर पंख असलेलं, बंद केबिनचं, पुस मॉथचं धाकटं भावंड. त्यामुळे ८२ चा फोटो समोर ठेवून ३२ चं विमान काढणं फार सोपं आहे. फोटोखाली साल लिहिलेलं नसेल, तर तो संदर्भ म्हणून वापरू नका.

असाच गोंधळ कॉन्स्टेलेशन या प्रवासी विमानाच्या बाबतीत होतो. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. ते होतं लॉकहीड एल-७४९ कॉन्स्टेलेशन. गोव्यात वास्कोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जे भलंमोठं विमान उभं आहे ते सुपर कॉन्स्टेलेशन. ते मूळ कॉन्स्टेलेशनपेक्षा सुमारे साडेपाच मीटरनं लांब आहे आणि खिडक्या गोल नसून चौकोनी आहेत. गोव्याला जाऊन स्वतः फोटो काढून आणणं उत्तमच, मात्र त्यावरून काढलेल्या चित्राखाली ‘मलबार प्रिन्सेस’ लिहू नका.

या विमानाबद्दल आणखी एक गोष्ट नाव कोरण्याआधी सर्व सभासदांना माहीत असायला हवी. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समध्ये मों ब्लांवर कोसळलं आणि त्यातले सगळे, म्हणजे ४८ जण, मृत्युमुखी पडले. पॅच करू नये असं माझं म्हणणं नाही. स्मरण म्हणून केला तर तो फार मोलाचा ठरेल. पण कुणीतरी विचारल्यावर क्लबच्या अध्यक्षांना हे प्रथमच कळावं, असं होऊ नये. एखादं विशिष्ट विमान नावानिशी किंवा क्रमांकानिशी घेणार असाल, तर त्याचा शेवट काय झाला ते आधी शोधा.

काळ चुकतो तो खुणांमध्ये

विमान बरोबर असतं, पण त्यावरच्या खुणा दुसऱ्याच काळातल्या असतात. भारतीय हवाई दलाची स्पिटफायर ही लढाऊ विमानं हे याचं नेहमीचं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानावरच्या ओळखीच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण लांबून तो जपानी विमानावरच्या लाल गोळ्यासारखा दिसायचा. तिथल्या विमानांवर गडद निळं आणि आत फिकट निळं असं वर्तुळ असे. तयार चित्रांत मात्र स्पिटफायर म्हटलं की इंग्लंडमधलं लाल मध्याचं वर्तुळ ठरलेलंच. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचं वर्तुळ आलं आणि त्यानंतर आजचं तिरंगी: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. हा क्रमही पुष्कळदा उलटा शिवला जातो. कागदावर सगळं ठरल्यावर एकदा स्वतःला विचारा, हे विमान, हा रंग आणि ही खूण एकाच वर्षी एकत्र होती का?

रंगाबद्दल एक सावधगिरी. जुन्या कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखू नका. त्या काळच्या कित्येक फिल्मला लाल रंग नीट दिसतच नसे. त्यामुळे लाल भाग काळपट उमटायचा आणि निळा भाग फिकट. रंगाचा भक्कम पुरावा मिळत नसेल, तर विमान एकाच रंगात, सावलीसारखं करा. ते खोटं ठरत नाही आणि भरतकामातही उठून दिसतं.

तीन इंचांत ओळखू येईल का?

पॅच साधारण तीन ते साडेतीन इंचांचा असतो आणि लोक तो हातभर अंतरावरून पाहतात. त्यामुळे विमान आवडतं की नाही, याच्याइतकाच त्याच्या बाह्यरेषेचा विचार हवा. चित्र काळ्या रंगात भरून, खऱ्या आकारात छापा, भिंतीला लावा आणि दहा फुटांवरून पाहा. विमानातलं फारसं न कळणाऱ्या घरच्या माणसालाही दाखवा. ‘काहीतरी विमान आहे’ एवढंच उत्तर आलं, तर बाजू तरी बदला किंवा विमान तरी.

डाकोटा हे मालवाहू विमान या परीक्षेत सहज पास होतं. गुबगुबीत धड, दोन इंजिनं, मागे सरकलेल्या कडांचे पंख. शिवाय २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य उतरवल्याचा इतिहास पाठीशी आहे. एचटी-२ हे आपल्याकडेच आराखडा करून घडवलेलं पहिलं प्रशिक्षण विमान, १९५१ मध्ये उडालेलं, मला मनापासून आवडतं. पण तीन इंचांत ते त्या काळच्या कुठल्याही प्रशिक्षण विमानासारखं दिसतं, म्हणून तिथे नाव लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. मारुत (एचएफ-२४) हे भारतीय लढाऊ जेट बाजूपेक्षा वरून जास्त देखणं: लांब नाक, कमरेत बारीक झालेलं धड, मागे वळलेले पंख. कॉन्स्टेलेशनचंही तसंच. त्याची ओळख म्हणजे तीन उभ्या शेपट्या, आणि नेमक्या बाजूनं काढल्या तर त्या एकावर एक येऊन एकच दिसते. तिथे समोरून किंवा मागून तिरकं चित्र घ्यावं लागतं.

जुन्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेवरच्या सी हॉक या लढाऊ जेटबद्दल मुद्दाम सांगतो, कारण मुंबईच्या आणि गोव्याच्या क्लबांना हे विमान जवळचं आहे आणि ते जवळजवळ नेहमी चुकतं. जेट म्हटलं की चित्रकाराचा हात शेपटीच्या टोकाला धुराचं तोंड काढतोच. सी हॉकला तिथे तोंड नाही. त्याचा झोत दोन भागांत फुटून पंखांच्या मुळाशी, धडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो आणि शेपूट टोकाशी निमुळती होत जाते. चित्रकाराला हे आधीच सांगा, नाहीतर सुबक पण भलतंच जेट तयार होऊन येईल.

उडतं विमान दाखवायचं असेल तर स्पिटफायरची चाकं आत हवीत. टायगर मॉथ आणि पुस मॉथची मात्र बाहेरच, कारण ती आत जातच नाहीत. पंख्याची पाती स्थिर काढू नका. पातळ टाक्यांची एक फिकट चकती पुरते.

कागदावर छान, धाग्यात गिचमिड

भरतकामाच्या कारखान्यात चित्राचं टाक्यांत रूपांतर करतात त्याला पंचिंग म्हणतात. पंचिंगवाल्याला विमानाची माहिती असेलच असं नाही. तो रेषा पाहतो, आणि सुमारे एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा एकतर जाड करतो नाहीतर गाळतो. टायगर मॉथच्या पंखांमधल्या तारांचं हेच होतं. सगळ्या तारा घालायचा हट्ट धरलात, तर दोन पंखांच्या मध्ये काळं जाळं तयार होतं. दोनच तारा, तिरक्या, एकेरी टाक्यात ठेवा. खांब मात्र जाड आणि स्पष्ट हवेत.

वर्तुळाच्या खुणेची गत त्याहून वाईट. अगदी प्रमाणात काढलं तर ते ज्वारीच्या दाण्याएवढं होतं आणि त्यात तीन रंगांचे कडे मावत नाहीत. टाके कापडाला आत ओढतात, त्यामुळे गोल लंबगोल होतो आणि कड्यांच्या मधून खालचं कापड डोकावतं. तिथे प्रमाण सोडून खूण मोठी करा. निदान सात-आठ मिलिमीटर. पॅचवर एवढी सूट चालते. इतकी बारीक कलाकुसर हवीच असेल, तर भरतकामाऐवजी विणलेला पॅच घ्या. त्यात उठाव कमी, पण रेषा स्वच्छ येतात.

देवनागरी अक्षरांकडे फारच कमी लोक लक्ष देतात. कारखान्याचा नेहमीचा हिशेब रोमन कॅपिटल अक्षरांचा असतो, पाच-सहा मिलिमीटर उंची. तीच पट्टी ‘जुहू’ किंवा ‘वैमानिक’ला लावली, तर उकार खालच्या काठात घुसतो, वरच्या मात्रा शिरोरेघेला चिकटतात आणि ‘हू’चा दीर्घ उकार नुसती गाठ होतो. मूळ अक्षर सहा-सात मिलिमीटर धरा आणि वर-खाली वेगळी जागा सोडा. गोल काठावर नाव वळवून लिहिताना शिरोरेघ अक्षरागणिक तुटत नाही ना, ते पंचिंगच्या चित्रात बघा. जोडाक्षरं कमी असलेलं नाव निवडता आलं तर उत्तमच.

चंदेरी धातूचं विमान म्हणून जरीचा चकचकीत धागा घ्यायचा मोह होतो. मशीनवर तो सारखा तुटतो आणि जॅकेट धुतल्यावर लवकर खरखरीत होतो. फिकट आणि गडद असे दोन राखाडी धागे घेतले तर धातूचा भास व्यवस्थित येतो.

कुणाची चिन्हं घेताय?

हवाई दलाच्या बोधचिन्हात वर अशोकस्तंभाचे सिंह आहेत. राज्यचिन्हाच्या वापरावर २००५ च्या कायद्यानं बंधनं आहेत, त्यामुळे हौशी क्लबानं ते उचलू नये. स्क्वाड्रनच्या, म्हणजे हवाई दलातल्या तुकड्यांच्या, चिन्हांनाही हात लावू नका. ती ज्यांनी कमावली त्यांनीच ती मिरवावीत. विमान कंपन्यांचं सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) किंवा महाराजा यांसारखं चिन्ह जुनं झालं म्हणून मोकळं होत नाही. तुमच्याकडे विमानाची बाह्यरेषा आहे, साल आहे, ठिकाण आहे. तेवढ्यात देखणा पॅच होतो.

महाराष्ट्रातल्या बैठकांत शिवकर बापूजी तळपदे यांच्या ‘मरुत्सखा’चं, म्हणजे त्यांनी चौपाटीवर उडवल्याचं सांगतात त्या विमानाचं, नाव हमखास निघतं, आणि त्यामागचा जिव्हाळा मला कळतो. पण त्या यंत्राचा विश्वासार्ह फोटो किंवा आराखडा उपलब्ध नाही. त्याच्या नावावर जी चित्रं फिरतात, त्यांतली बरीच वैमानिकशास्त्र या ग्रंथातल्या विमानांची आहेत. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहवला गेला, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासून त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असं दाखवून दिलं. तळपद्यांचा मान ठेवायचा तर काल्पनिक चित्र घालू नका. त्यांचं नाव आणि चौपाटी एवढंच घेतलेला पॅच जास्त प्रामाणिक ठरेल.

ऑर्डर देण्याआधी

स्क्रीनवरचं चित्र पाहून मंजुरी देऊ नका. एक नमुना प्रत्यक्ष शिवून घ्या, ज्या जॅकेटवर तो जाणार त्यावर ठेवा आणि उन्हात पाहा. ट्यूबलाइटखाली केशरी आणि तांबडा जवळजवळ सारखेच दिसतात. विमानाच्या आकारात कापलेला पॅच हवा असेल, तर शेपूट आणि पंखांची टोकं सुटी पडतात, उसवतात. गोल किंवा ढालीचा आकार आणि भोवती जाड गुंफलेला काठ वर्षानुवर्षं टिकतो. इस्त्रीनं चिकटवायचा पॅच नायलॉनच्या जॅकेटला चालत नाही, तिथे वेलक्रो किंवा शिवण.

पैसे देताना पंचिंगची फाइल क्लबच्या नावे मागून घ्या. ती बहुधा डीएसटी प्रकारची असते आणि तिच्यात धाग्यांचे खरे रंग साठवलेले नसतात. म्हणून धाग्याची कंपनी आणि रंगांचे क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून घ्या आणि मंजूर झालेला नमुना त्याच कागदाला टाचून ठेवा. दोन वर्षांनी नवे सभासद आले आणि कारखाना बदलला, तरी तोच पॅच पुन्हा करून मिळेल.