सरायीचा डाव लावायच्या आधी

रविवारी तुमच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळाचा डाव असेल, डीएम (गोष्ट सांगून खेळ चालवणारा) तुम्ही असाल आणि पहिलाच प्रसंग भरगच्च सरायीत घडणार असेल, तर आधी भाव लिहून काढा. नकाशा राहू द्या. भाव.

गेल्या खेपेला मी नकाशाच काढत बसलो होतो. तीन रंग, चौकटीचा कागद, तबेल्यात घोडे किती तेसुद्धा. सरायीचं नाव 'काणं घुबड'. पाच मिनिटांत एकानं विचारलं, "गिलास कसा दिला?" मी तोंडाला आलं ते बोललो, "एक सोन्याचं नाणं." तो गडी लातूरच्या मोंढ्यात आडतीवर बसतो. त्यानं गपचूप नियमपुस्तक उघडलं आणि म्हणाला, "इथं शेळी एक सोन्याच्या नाण्याला हाय. एका गिलासाला एक शेळी? गावातले लोक शेळ्या इकून प्यायलेत काय?"

हसणं झालं, पण तो तिथं थांबला नाही. पुस्तकात एल नावाच्या बिअरचा गॅलन चांदीच्या २ नाण्यांना. गॅलनात ८ पिंट. पिंटाचा एक गिलास धरला आणि मी सांगितलेल्या दरानं विकला, तर सोन्याची ८, म्हणजे चांदीची ८० नाणी. चाळीसपट! ड्रॅगन डोंगरात तसाच बसला आणि माझे चार वीर, म्हणजे खेळाडूंची पात्रं, रात्री नऊपर्यंत पिंपं वाहायला बैलगाड्या ठरवत होते.

म्हणून भाव. २०१४ च्या नियमपुस्तकातून सरळ उतरवून घ्या: तांब्याच्या १० नाण्यांचं चांदीचं एक, चांदीच्या १० चं सोन्याचं एक. एलचा गिलास ४ तांब्याची. घाणेरडी खोली रात्रीला ७ तांब्याची, साधारण ५ चांदीची, बरी ८ चांदीची, श्रीमंती २ सोन्याची. अंगमेहनतीच्या मजुराचा रोज २ चांदीची. हा शेवटचा आकडा सोडू नका, सगळी सराय त्याच्यावर उभी राहते. दिवसभराच्या मजुरीत त्याला पाच गिलास येतात आणि साधारण खोलीच्या एका रात्रीला अडीच दिवसांचा रोज जातो. म्हणजे तो खोली घेणारच नाही, चुलीपाशी घोंगडी टाकेल आणि वीरांची रात्रीची कुजबुज ऐकेल. बघा, भाव लिहिले की माणसं आपोआप जागच्या जागी बसतात.

आणि प्रत्येक भावापुढं दुसरा आकडा लिहा: मालकीण कुठपर्यंत उतरेल तो. आपली पोरं घासाघीस केल्याशिवाय ड्रॅगनकडूनही काही घ्यायची नाहीत.

माणसं तीन पुरेत. मालकीण, एक उधारीवाला, एक चोरून ऐकणारा. नावं आधी ठरवा. वीर दारात यायच्या आधीपासून चाललेलं एक भांडण ठेवा, त्यांच्याशी संबंध नसलेलं. नाहीतर सगळी सराय त्यांचीच वाट बघत थांबल्यासारखी दिसते.

सराय कशी असते हे परदेशी चित्रांतून शोधू नका. संभाजीनगरची पाणचक्की बघून या. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याचा परिसर, लांबच्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून आणलेलं, त्या पाण्यावर फिरणारी चक्की आणि दळलेलं पीठ पूर्वी मुसाफिरांच्या नि फकिरांच्या पोटाला जायचं. आवार, हौद, सावली, सगळं तयार आहे. डेगीत नान-खलिया (तिकडचा मटणाचा रस्सा नि नान) ठेवा, वासाचं वर्णन तोंडपाठ होईल. आणि खलियाचा भाव लिहा. तो पुस्तकात नाही, तुम्हालाच ठरवायचाय, आणि पोरं नेमका तोच विचारणार.

सराय सोडायचं एक कारण हवं. कुणीतरी जखमी माणूस घोड्यावरून येतो वगैरे. सगळे हेच करतात, तुम्हीही करा.

आदल्या दिवशी फासे मोजा. भावाचा कागद वाचा, मोठ्यानं. गिलास कसा? चार तांब्याची. न अडखळता.

त्या दिवशी: पेन्सिली, मोबाईल चार्ज, लाईट गेली तर कंदील (प्रसंगाला शोभतोही). चुरमुऱ्यांचा सुशीला करून ठेवा, भजी नको, तेलकट हातानं पात्रांची पत्रकं खराब होतात.

डाव संपला की कुणाची किती उधारी राहिली ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी मालकीण मागेल. भावाच्या कागदाच्या दोन प्रती काढा. एकीवर चहा सांडतोच.