इंग्लंडमधल्या पबची आणि तिथल्या बिअरची पारख

इंग्लंडमधल्या पबचं परीक्षण लिहिणार असाल तर एक लक्षात ठेवा: बारवर बिअर उपसायचे हँडपंप जास्त म्हणजे पब चांगला, हा हिशेब तिथे हमखास चुकतो. तिथली कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी पारंपरिक बिअर, जिवंत असते: पिंपात यीस्ट असतं आणि बिअर उपसली जाते तशी आत हवा शिरते. पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपायला हवं. नेहमीच्या नऊ गॅलनच्या पिंपात 72 पिंट मावतात, पिंट म्हणजे 568 मिली. मंगळवारी दुपारी ओस पडलेल्या पबात आठ पंप दिसले तर सावध व्हा. तीनच पंप आणि भरपूर गिऱ्हाईक असेल, तिथे बिअर बहुधा ताजी मिळते. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपलीय.

एकदम पिंट मागू नका, हाफ म्हणजे अर्धा पिंट घ्या. आधी बिटर ही सौम्य बिअर, आयपीए आणि स्टाउट या कडक बिअर शेवटी; उलट केलंत तर बिटरची चवच लागणार नाही. पब उघडल्या उघडल्या जाणंही टाळा, नाहीतर रात्रभर नळीत राहिलेली बिअर तुमच्या वाट्याला येऊ शकते.

ग्लास हातात आला की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर बहुधा पिंप फार दिवस उघडं राहिलंय किंवा नळ्या धुतलेल्या नाहीत. लोण्याचा वास बऱ्याचदा आंबवण अर्धवट राहिल्याचा. मग ग्लास उजेडात धरा. गढूळ दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नका, काही ब्रुअरी बिअर मुद्दाम निवळवत नाहीत, बारवर विचारा. ग्लास गार लागावा, बर्फासारखा नव्हे: 11 ते 13 अंश सेल्सिअस. फेसावरून मात्र लंडन आणि यॉर्कशरची तुलना करू नका. यॉर्कशरकडे, म्हणजे उत्तरेत, नळाच्या तोंडाला बारीक भोकांचा स्पार्कलर लावतात, म्हणून फेस दाट येतो.

बिअर आंबलेली निघाली तर दोन घोटांतच बारवर नेऊन शांतपणे सांगा. चांगला पब बदलून देतो, आणि कशी वागणूक मिळाली हेही परीक्षणात लिहा.

नोंदीत वार, वेळ, ब्रुअरी, अल्कोहोलचं प्रमाण आणि भाव हवाच. गुणांसाठी 1971 साली स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या ग्राहक संघटनेची 0 ते 5 ही पट्टी उत्तम: 0 म्हणजे कास्क मिळालीच नाही, 1 खराब, 2 साधारण, 3 चांगली, 4 खूप चांगली, 5 अप्रतिम. अर्धा गुणही चालतो. गुण द्यायचे ते बिअर कशी राखली आहे त्याला. कडूपणा आवडत नाही म्हणून गुण कापणं पबवर अन्याय आहे. आणि 1 किंवा 2 द्यायची वेळ आली तर वेगळ्या वारी पुन्हा जाऊन बघा, मगच लिहा.