झिरोला निघताय? आधी प्रिंट काढा

झिरो अरुणाचल प्रदेशात आहे. अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा प्रवेश परवाना, लागतं आणि ते ऑनलाइन निघतं, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रिंट कोणी काढत नाही. तर प्रिंट काढा. माणशी दोन, पोरांच्याही. मागच्या खेपेला परमिट मेलमध्ये होतं आणि नाक्यावर रेंज नव्हती. सुमोतल्या बाकीच्या उतारूंचा चहा झाला, तंबाखू मळून झाली, मग सगळे नुसते माझ्याकडे बघत बसले. अट १८७३ सालच्या कायद्यापासून चालत आलीय, नाक्यावरच्या शिपायाशी हुज्जत घालून ती सुटत नाही.

तारीख ठरवताना सण बघा. झिरोत राहणाऱ्या आपातानी लोकांचा ड्री ५ जुलैला असतो, शेतीचा सण, आलेल्यांना काकडी वाटतात. मायोको मार्चमध्ये, पण तो गावांच्या तीन गटांत आळीपाळीने फिरतो, तेव्हा यंदा कुठे आहे ते घरमालकाला विचारूनच बुकिंग करा. सप्टेंबरात संगीत महोत्सव असतो. गाणी ऐकायची असतील तर जरूर जा, गावं बघायची असतील तर तेवढे दिवस टाळा, कारण खोल्या मिळत नाहीत. खोली घेताना ती झिरोच्या कुठल्या भागात आहे, हापोली की जुनं झिरो, हेही विचारा. बाजार हापोलीत आहे. होंग, हिजा, हारी ही आपातानींची गावं हापोलीच्या बाहेर आहेत.

गुवाहाटीहून रात्रीची गाडी नाहरलगूनला सोडते, पुढे शेअर सुमो. प्रिंट गुवाहाटीतच काढा, नाहरलगूनला उतरल्यावर दुकान शोधू नका. परमिट तिथल्या स्टेशनातच मागतात. रोख पैसेही गुवाहाटीतच काढलेले बरे.

स्वेटर, टॉर्च, औषधं, रेनकोट: तुम्ही लहान नाही. टॅले व्हॅली अभयारण्यात पावसाळ्यात जाणार असाल तर जळवांसाठी मीठ घ्या.

गावात वागायचं कसं, हे मात्र नीट वाचा. भातखाचरांत पाण्याबरोबर मासे पाळलेले असतात आणि बांधावर नाचणी असते. आपल्याकडे बांध म्हणजे पायवाट, तिथे ते पीक आहे. सेल्फीसाठी त्यावर चढू नका. घरं लाकूड-बांबूची आणि एकमेकांना खेटून, त्यामुळे विडी-सिगारेट गावाबाहेर. चेहऱ्यावर गोंदण आणि नाकात लाकडी चकत्या आता फक्त म्हाताऱ्या बायकांकडे दिसतात. ती प्रथा १९७०च्या दशकात थांबली. आजी अंगणात बसलेल्या दिसल्या की लोक कॅमेरा काढतात. आधी बसा, बोला, हिंदी चालतं, मग विचारा. नको म्हणाल्या तर नको. लांबून झूम करणं तर त्याहून वाईट.

शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर बांबूचे कोंब घातलेलं डुकराचं मटण पुढे येईल. तांदळाची बिअर मात्र एक घोट घ्या.

डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, परतीची सुमो सकाळची धरा. पावसाळ्यात दरड कोसळते, एक दिवस जास्तीचा ठेवा, परमिटच्या तारखेतही. तारीख वाढवलीत तर नवी प्रिंट. हो, पुन्हा दोन.